आधी एक प्लेन स्लाइस: न्यू जर्सीतल्या गावाबाहेरच्या पिझ्झेरियात पहिल्यांदा जाताना

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिल्या महिन्यात दोन पिझ्झ्यांशी गाठ पडते. एक ऑफिसच्या मीटिंगला साखळी दुकानातून आलेला, आणि दुसरा एडिसनच्या ओक ट्री रोडच्या आसपासचा, पनीर आणि हिरवी मिरची घातलेला. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण राहत्या कॉम्प्लेक्समधून निघून रूट १३० ला किंवा रूट २७ ला लागलं, की लाँड्रोमॅट, नेल सलॉन आणि दारूचं दुकान यांच्या रांगेत एक छोटा पिझ्झेरिया दिसतो. लाल-हिरवी पाटी, काचेवर शाळेच्या बेसबॉल टीमचा फोटो, आत पाच-सहा टेबलं. त्याच्यासमोरून आपण रोज गाडी नेतो आणि आत जात नाही. मी अकरा महिने नेली. आत जाऊन नेमकं काय बोलायचं हेच ठाऊक नव्हतं.

आत जाऊन पहिली दहा मिनिटं कशी निभवायची, त्याची ही माहिती. मी मध्य जर्सीत राहतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच आहेत.

कधी जायचं

मंगळवार ते गुरुवार, दुपारी बारा-साडेबाराला. ओव्हनमधून ताजे पिझ्झे निघत असतात आणि काचेमागे निवडायला पाच-सहा प्रकार असतात. गर्दीची भीती वाटत असेल तर तीन वाजता जा. तेव्हा काउंटरवरच्या माणसाला मान वर करून बोलायला वेळ असतो, पण स्लाइस तासाभरापूर्वीच्या निघू शकतात. घरच्यांनी चालवलेली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, तेव्हा निघण्याआधी वेळ पाहून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी नवख्याने जाऊ नये. फोन खणखणत असतो, काउंटरवर बॉक्सची चळत लागलेली असते. त्यातही फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येणारे लेंटचे शुक्रवार टाळाच. ईस्टरच्या आधीच्या त्या दिवसांत कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नाहीत आणि इथे इटालियन, आयरिश, पोलिश वंशाची घरं भरपूर. सगळ्यांचा उपास एकाच वेळी चीज पिझ्झ्यावर सुटतो. सुपर बोलचा रविवार, हॅलोविन आणि थँक्सगिव्हिंगच्या आदली संध्याकाळ, हे आणखी तीन गर्दीचे दिवस.

गाडी दारातच लावता येते. चालत जायचा विचार असेल तर नकाशावर फुटपाथ आहे का ते आधी पाहा. या हमरस्त्यांच्या कडेला तो बऱ्याच ठिकाणी नसतोच.

आधी शब्द बदला

भारतात इंग्रजी म्हणून वापरलेले निम्मे शब्द इथल्या काउंटरवर चालत नाहीत. ‘पार्सल’ म्हटलं की समोरचा कुरिअरवाल्याकडे पाहावं तसा पाहतो. ‘टू गो’ म्हणा. कोल्ड्रिंकला ‘सोडा’. सिमला मिरचीला ‘कॅप्सिकम’ म्हटलेलं कुणाला कळत नाही, ‘ग्रीन पेपर्स’ म्हणायचं. वांग्याला ‘एगप्लँट’. त्यात अंडं नसतं, पण तळताना बहुधा लागतं, ते पुढे येईलच. चिली फ्लेक्सना ‘रेड पेपर’.

यातल्या सिमला मिरचीने मला पहिल्या दिवशी गोत्यात आणलं. ‘कॅप्सिकम’ समोरच्याला कळेना म्हणून मी घाईघाईने ‘पेपर, पेपर वन’ म्हणालो आणि कागदी प्लेटमध्ये लाल चकत्यांची पेपरोनी स्लाइस आली. मी शाकाहारी, मागे चार माणसं उभी, परत कर म्हणायची हिंमत नाही. पैसे देऊन ती स्लाइस गाडीपर्यंत नेली आणि पुढचे सहा महिने त्या दुकानाचं तोंड पाहिलं नाही. चूक त्याची नव्हती. गंमत म्हणजे इटालियन भाषेत ‘पेपेरोनी’ म्हणजे खरोखरच सिमला मिरची. डुक्कर आणि गाईच्या मांसाच्या त्या सॉसेजला हे नाव अमेरिकेत पडलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर सरळ सांगा, ‘सॉरी, आय डोन्ट ईट मीट’. बदलून देतात. हे मला फार उशिरा कळलं.

अख्ख्या पिझ्झ्याला इथे ‘पाय’ म्हणतात, गोड पाय नव्हे. ‘प्लेन’ म्हणजे फक्त सॉस आणि चीज. ‘लार्ज प्लेन पाय’ म्हटलं की पूर्ण ऑर्डर झाली. काही जुन्या दुकानांत मोझरेलाला ‘मुत्झरेल’, रिकोटा नावाच्या मऊ चीजला ‘रिगॉट’ म्हणताना ऐकाल. इथे आलेले बहुतेक इटालियन दक्षिण इटलीचे, आणि तिकडच्या बोलींत शेवटचा स्वर गिळतात. आपण ‘राम’ लिहून ‘राम्’ म्हणतो तसंच. तुम्ही नक्कल करू नका, फक्त ओळखता आलं की झालं. शिवाय आज काउंटरमागे इटालियनच असेल असं नाही. अनेक दुकानं अल्बेनियन कुटुंबांची आहेत आणि ओव्हनपाशी मेक्सिकोचा किंवा ग्वाटेमालाचा माणूस उभा असतो.

काउंटरपाशी

दारातून आत शिरलात की लगेच रांगेत उभं राहू नका. आधी काच पाहून घ्या. त्यामागे मोठाले पिझ्झे कापून ठेवलेले असतात: प्लेन, पेपरोनी, बफेलो चिकन (म्हणजे तिखट सॉसमधलं चिकन, म्हशीचं मांस नव्हे), बाकीचे रोज बदलणारे. सॉसशिवाय पांढरा, वर रिकोटाचे ढेकळासारखे गोळे असलेला तो ‘व्हाइट’. जाड चौकोनी तो ‘सिसिलियन’. चौकोनी पण पातळ, वर लसणीचा टोमॅटो सॉस असलेला तो ‘ग्रँडमा’. भिंतीवरचा मेन्यू हातभर लांब असतो. त्यातल्या पास्त्यांच्या आणि सँडविचच्या यादीकडे पहिल्या दिवशी पाहूच नका.

मग म्हणा: ‘टू प्लेन स्लाइसेस, फॉर हिअर.’ समोरचा त्या स्लाइस ओव्हनमध्ये परत गरम करतो. ‘शिळं गरम करून देतोय’ असा आपल्या मनात संशय येतो, पण स्लाइसची पद्धतच ही आहे. दगडी तळाच्या त्या ओव्हनचं तापमान अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. दोन-तीन मिनिटांत तळ पुन्हा कुरकुरीत होतो. मला तर पहिल्यांदा निघालेल्या पिझ्झ्यापेक्षा ही दुसरी भाजणी जास्त आवडते.

तुटक बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. ‘नेक्स्ट!’, ‘व्हॉट एल्स?’, ‘दॅट्स इट?’ एवढाच संवाद होतो. दादरला गर्दीच्या वेळी वडापावच्या गाडीवर आपण तरी कुठे नमस्कार-चमत्कार करतो! ठरवून बोला, बाजूला व्हा, हाक मारली की घ्या.

पहिल्यांदा प्लेनच का? त्यात लपायला जागा नसते. पीठ, टोमॅटो, चीज, बस्स. चांगल्या दुकानात पीठ एक-दोन दिवस फ्रिजमध्ये आंबवून ठेवतात, आणि ते कडेच्या चवीत कळतं. कडा फेकून द्यावीशी वाटली तर पुढच्या वेळी शेजारच्या गावातलं दुकान पाहा. स्लाइस उचलून खालची बाजूही बघा. तपकिरी ठिपके हवेत. पांढराफटक तळ म्हणजे ओव्हन नीट तापला नव्हता किंवा माणूस घाईत होता.

शाकाहारी, अंडं न खाणारे, बीफ न खाणारे

आपल्याकडचे सगळ्यात जास्त प्रश्न इथेच असतात आणि दुकानातून मिळणारी उत्तरं सगळ्यात गुळमुळीत. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ विचारलं की ‘येस’ येतं, कारण त्याच्या लेखी मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे शाकाहारी. म्हणून एकेका वस्तूबद्दल वेगळं विचारायचं.

पीठ बहुतेक ठिकाणी मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि थोडं तेल एवढंच असतं. ‘एनी लार्ड इन द डो?’ (लार्ड म्हणजे डुकराची चरबी) असं एकदा विचारून टाका आणि मग विसरा.

चीजची गोष्ट अवघड. दूध साकळवायला प्राण्याच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. अमेरिकेतलं बहुतेक मोझरेला मात्र त्याशिवाय, सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या एन्झाइमने बनतं. पण वर भुरभुरवलेलं किसलेलं चीज पेकोरिनो रोमानो असेल, तर त्यात कोकराच्या जठरातलं रेनेट असतं. अस्सल पार्मिजानो रेजानोत वासराचं. त्यांच्या नियमांतच ते लिहिलेलं आहे. तुम्ही हे पाळत असाल तर ‘नो ग्रेटेड चीज’ म्हणा आणि टेबलावरच्या चीजच्या डबीलाही हात लावू नका. मी स्वतः इतका कडक नाही. आई इथे आली होती तेव्हा मात्र डबी उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली होती.

मरिनारा सॉसच्या नावाला घाबरू नका. नाव समुद्रावरून आलंय, पण आत टोमॅटो, लसूण आणि तेल असतं. उलट साध्यासुध्या दिसणाऱ्या सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, म्हणजे मासा, असतो. व्होडका सॉसमध्ये खरोखर व्होडका पडते, आणि काही ठिकाणी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही. वांग्याचे काप तळण्याआधी बहुतेकदा फेटलेल्या अंड्यात बुडवतात, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांना ‘एगप्लँट पार्म’ बाद. फ्राइज आणि मोझरेला स्टिक्स ज्या तेलात तळतात त्यातच चिकन विंग्ज आणि कॅलमारी, म्हणजे माकुलही, तळलेली असू शकते. हा प्रश्न विचारायला लाजू नका: ‘सेम फ्रायर?’

पेपरोनीत डुक्कर आणि गाय दोन्ही, सॉसेज डुकराचं, मीटबॉल मुख्यतः गाईच्या मांसाचा. बीफ न खाणाऱ्या मांसाहारी मंडळींनी चिकनच्या स्लाइसवर थांबावं.

आणि कटर. एकच चाकासारखा कटर सगळ्या पिझ्झ्यांवर फिरतो. अख्खा पाय घेताना ‘क्लीन कटर, प्लीज’ म्हटलं तर दुपारच्या वेळी आनंदाने धुऊन घेतात. शुक्रवारी रात्री ते मागू नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना अशा दुकानात फारसं काही मिळणार नाही हे मोकळेपणाने सांगतो. सॉसमध्ये लसूण, व्हाइट पिझ्झ्यात तर जास्तच. एडिसन-इसेलिनच्या भारतीय पिझ्झा दुकानांत जैन पिझ्झा मिळतो, तिकडेच जावं.

पैसे

माझ्या भागात प्लेन स्लाइस तीन ते चार डॉलरला आणि मोठा प्लेन पाय वीसच्या आगेमागे मिळतो. दुपारी ‘टू स्लाइसेस अँड अ सोडा’ असा लंच स्पेशल असेल तर तोच घ्या. भिंतीवरच्या भावात विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के, म्हणजे साडेतीनची स्लाइस ३.७३ ला पडते. कार्डाला वेगळा आणि रोखीला थोडा कमी भाव लावणारी दुकानं बरीच आहेत, खिशात वीसची एक नोट असू द्या.

टिपबद्दल नवे लोक फार ताण घेतात. कार्ड लावलं की स्क्रीन गर्रकन तुमच्याकडे वळते आणि १८, २०, २५ टक्के विचारते. काउंटरवरून दोन स्लाइस उचलल्या तर टिप सक्तीची नाही. मी बरणीत एक डॉलर टाकतो, कधी नाहीही टाकत. टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला आलं तर १८-२० टक्के द्यायचेच. घरी डिलिव्हरी आणणाऱ्याला चार-पाच डॉलर, पावसात-बर्फात जास्त. बिलातला ‘डिलिव्हरी चार्ज’ त्याच्या हातात पडतोच असं धरून चालू नका.

आणखी एक इथली खासियत. बिअर मेन्यूवर दिसत नाही, पण शेजारच्या टेबलावर वाइनची बाटली उघडलेली असते. न्यू जर्सीत हॉटेलांना दारूचे परवाने लोकसंख्येच्या हिशेबाने मिळतात, ३,००० लोकांमागे एक, आणि ते अतोनात महाग विकले जातात. छोट्या पिझ्झेरियाला ते झेपत नाही. म्हणून ‘बीवायओबी’, आपली बाटली आपण आणायची. गावाने मनाई केली नसेल तर वाइन-बिअर चालते, आधी फोन करून विचारावं. दारूचं दुकान त्याच रांगेत का असतं ते आता लक्षात आलं असेल.

खायचं कसं

स्लाइस प्लेटएवढी, टोक खाली लोंबतं. कड बोटांनी धरून लांबीत मधोमध दुमडा, मधलं बोट खालून आधाराला. टोक वर उचललेलं राहतं आणि तेल घडीतून कागदी प्लेटवर उतरतं. पोळीची गुंडाळी करणाऱ्या हाताला हे दोन घासांत जमतं. पहिला घास मात्र मिनिटभर थांबून घ्या. वितळलेल्या चीजने टाळू भाजली की पुढचे तीन दिवस चहासुद्धा जड जातो. काटा-चमचा मागितला तर कुणी हसत नाही, वर झिटी पास्ता पसरलेली स्लाइस तर काट्यानेच खावी.

टेबलावर ओरेगॅनो, लाल मिरची, लसूण पूड आणि किसलेलं चीज यांच्या डब्या असतात. हवं तेवढं घ्या, पुड्या खिशात घालायची सोय नाही. केचप मागू नका. देतील, पण काउंटरमागे एकमेकांकडे बघतील. तिखटासाठी ‘हॉट चेरी पेपर्स’ किंवा हालापेन्यो मागा. आमच्या बाबांचा यावर विश्वास नव्हता. घरी आणलेल्या पिझ्झ्यावर ते लसणाची चटणी भुरभुरवून घेत, आणि खरं सांगू का, प्लेन स्लाइसवर ती फार बरी लागते.

अख्खा पाय घरी नेताना

फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘पिक-अप ऑर डिलिव्हरी?’ मग ऑर्डर, मग नाव. आडनाव सांगत बसू नका, दोन अक्षरांचं काहीतरी सांगा. माझ्या चार अक्षरी नावाची बॉक्सवर मी आजवर पाच रूपं पाहिली आहेत. वेळ विचारली की ‘ट्वेंटी मिनिट्स’ असंच उत्तर येतं, दुकान रिकामं असो वा ओसंडत असो. पंचवीस धरा.

आकार निवडताना इंचांना फसू नका. १२ इंची पिझ्झ्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस इंच, १६ इंचीचं २०१ आणि १८ इंचीचं २५४. म्हणजे एक १८ इंची पाय दोन १२ इंचींपेक्षा मोठा, आणि दोघांच्या बेरजेपेक्षा बराच स्वस्त. आठ स्लाइस होतात, चौघांना पुरतात. घरात आवडी वेगळ्या असतील तर ‘हाफ प्लेन, हाफ मशरूम’ सांगा. अर्ध्या टॉपिंगचे पैसे अर्धेच लावतात का ते विचारून घ्या. तीनपेक्षा जास्त टॉपिंग घालू नका, मधला भाग ओला राहतो. थोडा कडक भाजलेला हवा असेल तर ‘वेल डन’ म्हणा. मी नेहमी म्हणतो, कारण घरी पोहोचेपर्यंत बॉक्समधल्या वाफेने तो मऊ पडतोच.

मुद्दाम एकदा रॉबिन्सव्हिल

देशातून आई-वडील आले की त्यांना रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम दाखवायला आपण नेतोच. त्याच गावात ट्रेंटनच्या ‘टोमॅटो पाय’ची दोन जुनी घराणी आता नांदतात. पापाज हे १९१२ पासूनचं आणि डे लोरेन्झोज १९४७ पासूनचं. दोन्ही मूळची ट्रेंटन शहरातली, तिथली इटालियन वस्ती उपनगरांत पांगली तशी त्यांच्यामागे इकडे आली. टोमॅटो पायमध्ये क्रम उलटा: आधी चीज, त्यावर कुस्करलेला टोमॅटो. आंबटपणा पुढे, चीज मागे. आपल्या जिभेला हा प्रकार प्लेन पायपेक्षा लवकर पटतो असा माझा अनुभव. पापाजकडे तर पिठावर मोहरीचा थर देऊन केलेला ‘मस्टर्ड पाय’ मिळतो. नाकात जाणारी झणझणीत मोहरी ज्यांना आवडते त्यांनी तो चुकवू नये. पण इथे काचेमागच्या स्लाइसच्या भरवशावर जाऊ नका, तिघं-चौघं मिळून जा आणि अख्खा पाय मागवा.

उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतो. मायक्रोवेव्ह नको, चामडं होतं. पोळीचा तवा मंद आचेवर ठेवा, तेल न घालता स्लाइस त्यावर, दोन मिनिटांनी तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब आणि वर झाकण. मिनिटभरात चीज वितळतं, तळ कुरकुरीत राहतो. बॉक्सचं झाकण बहुधा स्वच्छ असतं, ते फाडून कागदाच्या रिसायकलिंगमध्ये. तेलकट तळ कचऱ्यात. आमच्या गावात हा नियम आहे, तुमच्या गावचा पालिकेच्या संकेतस्थळावर सापडेल.